जुनी इंग्रजी वाचायची आहे? आधी ओळखीच्या शब्दांकडे बघा

कपाटातला पासपोर्ट काढा आणि राष्ट्रपतींच्या नावाने छापलेली विनंती सावकाश वाचा. धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावं, असं तिथे म्हटलंय. 'लेट' म्हणजे करू देणं, हे शाळेतलं पोरही सांगेल. मग 'करू देण्याविना जाऊ द्या' हा काय प्रकार?

इथला 'लेट' म्हणजे अडथळा. फार जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. एकाचा अर्थ होऊ देणं, दुसऱ्याचा अडवणं. पुढे दोघांचं रूप एकच झालं. त्यातलं अडवणारं बोलण्यातून गेलं, पण कायद्याच्या भाषेत टिकून राहिलं. हॅम्लेट बापाच्या भुतामागे निघतो तेव्हा सोबती त्याला धरून ठेवतात. तो ओरडतो, मला जो 'लेट' करील त्याचंच भूत करून टाकीन! टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून गेला की पंच 'लेट' पुकारतो, तोही बहुधा हाच.

जुनं इंग्रजी वाचायला बसलेला नवखा माणूस अवघड शब्दांना घाबरतो. अवघड शब्द फार त्रास देत नाहीत, कारण ते दिसले की आपण मुकाट्याने कोश उघडतो. फसवतात ते सोपे, रोजच्या वापरातले शब्द. त्यांचा अर्थ आपल्याला ठाऊकच असतो, म्हणून कोश उघडायचं डोक्यातच येत नाही. शेक्सपियर, जुनं बायबल, ईस्ट इंडिया कंपनीची पत्रं, मोल्सवर्थच्या कोशातली इंग्रजी, यांपैकी काहीही वाचायचं असेल तर खालच्या क्रमाने जा.

१. आधी काळ ठरवा

'ओल्ड इंग्लिश' हा शब्द आपण सैल वापरतो. अभ्यासकांच्या लेखी ओल्ड इंग्लिश म्हणजे साधारण ११५० पर्यंतची भाषा. आजच्या इंग्रजालाही ती परकी भाषा म्हणून शिकावी लागते. त्यानंतर १५०० च्या आसपासपर्यंत मिडल इंग्लिश, म्हणजे चॉसर या कवीची इंग्रजी. १२९० ची ज्ञानेश्वरी याच कालखंडातली, त्यामुळे टीप न बघता चॉसर वाचता येत नाही याचं मराठी माणसाला नवल वाटू नये. १५०० ते १७०० ही अर्ली मॉडर्न इंग्लिश. शेक्सपियर आणि १६११ चं किंग जेम्स बायबल याच काळात बसतात. तुमच्यापुढे येणारा मजकूर बहुतेक वेळा या काळातला किंवा नंतरचा असेल. वरवर तो आजच्यासारखाच दिसतो, आणि गफलत तिथेच होते.

पुस्तकावर छापलेलं साल आणि मजकुराचं साल एक समजू नका. जॉन फ्रायर या डॉक्टराने १६७२ ते १६८१ या काळात हिंदुस्थान आणि इराण पाहिला, पुस्तक मात्र निघालं १६९८ मध्ये. त्यातला शब्द कोणत्या दशकातला धरायचा, हे ठरवूनच पुढे जावं लागतं.

तारखेचीही एक खोच आहे. इंग्लंडात १७५२ पर्यंत कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून महाराजांनी सुरत पहिल्यांदा लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये, पण इंग्रजांच्या कागदांत साल सापडतं १६६३ किंवा १६६३/६४. लेखक चुकलेला नसतो, त्याचं वर्ष अजून संपलेलं नसतं.

२. अक्षरं ओळखायला शिका

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंतच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला 'एस' लांब काढलेला असे. तो हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो, फक्त आडवी रेघ उजवीकडे जात नाही. 'सेल' म्हणजे शिडं उभारून निघणं, ते तुम्हाला 'फेल' दिसणार. जहाज निघालं की बुडीत खाती गेलं, असा प्रश्न पडला तर आधी ती रेघ बघा. कॉम्प्युटरही इथे माती खातो. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांत शब्द शोधताना सापडला नाही, तर 'एस'च्या जागी 'एफ' घालून पुन्हा शोधा. पुष्कळदा मिळतो.

'यू' आणि 'व्ही' ही पूर्वी एकाच अक्षराची दोन रूपं होती, 'आय' आणि 'जे'ही तशीच. शब्दाच्या सुरुवातीला 'व्ही', आत 'यू', असा छापखान्याचा रिवाज होता. आठवडाभर वाचलंत की नजर बसते.

दुकानांच्या पाट्यांवर 'यी ओल्ड' असं हौसेने लिहिलेलं दिसतं. त्यातला 'यी' कधी 'यी' नव्हताच. 'थ'च्या उच्चारासाठी इंग्रजीत थॉर्न नावाचं एक अक्षर होतं. हाताने लिहिता लिहिता ते 'वाय'सारखं दिसू लागलं, आणि युरोपातून आणलेल्या छपाईच्या खिळ्यांत थॉर्न नसल्याने छापखानेवाले त्या जागी 'वाय' बसवू लागले. वाचायचं ते 'द' असंच. 'द'च्या जागी येणारा हा 'यी' आणि 'तुम्ही' या अर्थाचा खरा 'यी' वेगळे. जुन्या पानावर दोन्ही भेटतील.

स्पेलिंगचा बाऊ करू नका. एकाच पत्रात एकच नाव दोन तऱ्हेने लिहिलेलं असतं, ते मोठ्याने वाचलं की उलगडतं. 'सेवाजी' म्हणजे कोण ते सांगायला नको. 'टॅना' म्हणजे ठाणे. 'बॅसीन' म्हणजे वसई, ती मात्र पोर्तुगीजांकडून आलेली, कानाने सापडणार नाही.

३. ओळखीच्या शब्दांवर पाळत ठेवा

माझ्या मते सगळं कसब या पायरीत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

किंग जेम्स बायबलमध्ये लेवीय या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात 'मीट ऑफरिंग'चा विधी सांगितलाय. वाचणारा लगेच बोकड डोळ्यांपुढे आणतो. पुढचं वाक्य काय म्हणतं? अर्पण सपिटाचं असावं, त्यावर तेल ओतावं, ऊद ठेवावा. मांसाचा तुकडाही नाही! त्या काळी 'मीट' म्हणजे अन्न, कुठलंही. मांसाला वेगळा शब्द होता, 'फ्लेश'. 'स्वीटमीट' म्हणजे मिठाई, या जोडशब्दात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. १८८५ च्या सुधारित भाषांतरात इथे 'मीट' काढून 'मील', म्हणजे पीठ, असा बदल करावा लागला, कारण तोवर वाचकांचा घोटाळा होऊ लागला होता.

त्याच बायबलमधल्या ११९ व्या स्तोत्रात भक्त म्हणतो, मी पहाटेला 'प्रिव्हेंट' केलं. आजच्या अर्थाने याने सूर्योदय रोखून धरला असं होईल. लॅटिन मुळाप्रमाणे 'प्रिव्हेंट' म्हणजे आधी येणं. पहाट व्हायच्या आत मी उठलो आणि धावा केला, इतकंच त्याचं म्हणणं. आधी जाऊन उभा राहिलेला माणूस वाट अडवतो, त्यातून आजचा अर्थ निघाला.

'डिअर' म्हणजे हरीण, पण पूर्वी कुठलंही जनावर. लिअर राजाच्या नाटकात वेड्याचं सोंग घेतलेला एडगर 'उंदीर, घुशी आणि असले बारीक डिअर' खाऊन दिवस काढल्याचं सांगतो. 'कॉर्न' म्हणजे मका हा अमेरिकेचा अर्थ, इंग्लंडात ते एकूण धान्य. ब्रिटनमध्ये १८१५ ते १८४६ गाजलेले कॉर्न कायदे मक्याचे नव्हेत, मुख्यतः गव्हाचे. 'सिली' आधी सुखी, मग निष्पाप, मग बिचारा, आणि शेवटी बावळट. 'नाइस' उलट वाटेने गेला. मूर्ख या अर्थाने आला, मधे चोखंदळ झाला, आता काय, चहालाही नाइस म्हणतात.

इतिहासाच्या कागदांत याहून घातक शब्द आहेत. 'डाउट' घ्या. आज 'आय डाउट' म्हटलं की 'असं होईल असं वाटत नाही'. सतराव्या शतकातलं 'आय डाउट' पुष्कळदा 'होईल अशी धास्ती वाटते' असं असतं. शत्रू चालून येईल याबद्दल गव्हर्नर 'डाउट' करतो, तेव्हा तो निवांत आहे की दारूगोळा मोजतोय, हे या एका शब्दावर ठरतं. 'प्रेझेंटली' म्हणजे ताबडतोब. आपल्या बायोडेटातलं 'प्रेझेंटली वर्किंग' तिथे चालत नाही. कट 'डिस्कव्हर' केला म्हणजे शोधून काढला असं नव्हे, कुणाला तरी जाऊन सांगितला असंही असू शकतं.

'प्रिटेन्डर'वर तर अनुवादकांची हमखास विकेट पडते. सदाशिवरावभाऊंचा तोतया आपल्या डोक्यात पक्का असतो, त्यामुळे ब्रिटनच्या इतिहासातल्या 'ओल्ड प्रिटेन्डर'ला सरळ तोतया म्हटलं जातं. हा प्रिटेन्डर, म्हणजे जेम्स, पदच्युत राजाचा खरा मुलगा होता. 'प्रिटेन्ड' म्हणजे तेव्हा हक्क सांगणं. तो दावेदार, तोतया नव्हे. शत्रूंनी त्याच्या जन्माबद्दल नाना अफवा उठवल्या, ती गोष्ट वेगळी.

मग ओळखायचं कसं? वाक्य वाचून मनात बारीकशी जरी कुसळ टोचली, तरी थांबा. वाक्यातला सर्वांत साधा दिसणारा शब्द धरा आणि त्याचा त्या काळचा अर्थ कोशात बघा. तो अर्थ घालून वाक्य पुन्हा वाचा. कुसळ गेली तर बरोबर. गेली नाही तर पुढचा शब्द धरा.

४. तू आणि तुम्ही

इथे मराठी वाचक आजच्या इंग्रजी वाचकाच्या पुढे आहे. 'दाऊ' म्हणजे तू, 'यू' म्हणजे तुम्ही. 'दाऊ' कर्ता, 'दी' कर्म, 'दाय' म्हणजे तुझा. क्रियापदाला 'एस्ट' लागलं की तू, 'एथ' लागलं की तो किंवा ती.

आजच्या इंग्रजाला 'दाऊ' भारदस्त वाटतो, कारण तो त्याला प्रार्थनेतच भेटतो. पण आपणही विठ्ठलाला 'तू'च म्हणतो, त्यात भारदस्त काही नाही, जवळीक आहे. आणि परक्या, मोठ्या माणसाला तू म्हटलं तर काय होतं, हेही आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात त्याला म्हणाला, मी तुला 'दाऊ' म्हणतो, राजद्रोह्या! सर्वनामाचंच त्याने क्रियापद केलं. मराठीत त्याला अरेतुरे करणं हा तयार शब्द आहे. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक तर तत्त्व म्हणून साऱ्यांनाच 'दाऊ' म्हणत आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेत.

नाटक वाचताना एकच पात्र दुसऱ्याला 'यू' म्हणता म्हणता 'दाऊ'वर येतं, तिथे पेन्सिलने खूण करा. एक तर प्रेम जुळलंय, नाही तर भांडण पेटलंय.

५. कंपनीच्या कागदांतली इंग्रजी

शिवकाळ किंवा पेशवाई वाचणाऱ्याला कंपनीची पत्रं टाळता येत नाहीत. तिथला पहिला शब्द 'फॅक्टरी'. १६१३ मध्ये सुरतेत इंग्रजांची फॅक्टरी निघाली, म्हणून तिथे धुराडी नव्हती. 'फॅक्टर' म्हणजे मालकाच्या वतीने व्यापार करणारा गुमास्ता, आणि फॅक्टर लोक राहतात, माल साठवतात ती फॅक्टरी. मराठीत याला वखार म्हणतात, आणि शाळेच्या पुस्तकात आपण वखारच शिकलो. पण तोच माणूस इंग्रजी कागद वाचताना नकळत कारखाना म्हणून जातो. राजापूरची वखार १६६१ मध्ये लुटली गेली, ती वाचताना यंत्रं आठवू नका, कापडाचे गठ्ठे आणि मिरीची पोती आठवा.

'रायटर' म्हणजे लेखक नव्हे, कंपनीचा अगदी खालचा कारकून. तो बढती मिळून फॅक्टर होई, मग ज्युनिअर मर्चंट, मग सीनिअर मर्चंट. कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगला नाव दिलं ते या कारकुनांनी. 'इन्व्हेस्टमेंट' म्हणजे मायदेशी पाठवायच्या मालाची खरेदी, आजची गुंतवणूक नव्हे. 'कंट्री ट्रेड' म्हणजे आशियातल्या बंदरांमधला आपापसातला व्यापार.

आंग्र्यांविषयीच्या मजकुरात 'ग्रॅब' येतो. हिसकावून घेणं असा अर्थ लावाल तर वाक्य अर्धवट बसतं, आणि तेच वाईट, कारण आंग्रे जहाजं पकडत होतेच! पण हा 'ग्रॅब' म्हणजे गुराब, जहाजाचा एक प्रकार. शब्द मूळ अरबी. सोबत येणारं 'गॅलिव्हॅट' म्हणजे गलबत. विजयदुर्ग तिथे 'घेरिया' या नावाने येतो. मुंगसाचं 'मंगूस' तर मराठीतूनच तिकडे गेलं.

अशा शब्दांसाठी हॉब्सन-जॉब्सन हा कोश हाताशी ठेवा. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी तो केला, १८८६ मध्ये छापला. बर्नेल त्याआधीच वारला होता. विल्यम क्रूकने वाढवलेली आवृत्ती १९०३ ची. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या सोल्जरांच्या तोंडी जसा झाला, तेच कोशाचं नाव. प्रत्येक नोंदीखाली जुन्या प्रवाशांचे आणि पत्रांचे उतारे सालवार दिलेत. व्युत्पत्ती मात्र सगळ्याच आजच्या अभ्यासाला धरून नाहीत. उतारे घ्या, व्युत्पत्ती दुसरीकडे पडताळा.

मराठी वाचकाच्या हाती आणखी एक साधन आहे, ते फारसं कुणी वापरत नाही. मोल्सवर्थने सुरू केलेला आणि थॉमस कॅंडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये मुंबईत निघाला. आज लोक तो बघतात ते मराठीसाठी. तो उलटा वापरा. एखाद्या इंग्रजी शब्दाला तेव्हा काय अर्थ होता, हे त्यात त्या वेळच्या मराठीत लिहून ठेवलंय. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि हॉब्सन-जॉब्सन हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात.

६. कोश वाचायचा कसा

जुन्या शब्दाला साधा कोश पुरत नाही, इतिहास सांगणारा लागतो. त्यातला थोरला म्हणजे ऑक्सफर्डचा. कल्पना १८५७ ची, पहिला भाग निघाला १८८४ मध्ये, काम पुरं झालं १९२८ मध्ये. संपादक जेम्स मरे तोवर हयात नव्हता. जगभरातल्या हौशी वाचकांनी पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली, त्यांतून हा कोश उभा राहिला. एवढ्या पसाऱ्यात 'बॉंडमेड', म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि तो शब्द छापायचाच राहिला. पुढे पुरवणीत घातला. आजच्या ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी पडते, पण पहिल्या आवृत्तीचे खंड इंटरनेट आर्काइव्हवर मोफत मिळतात. सुरुवातीला तेवढं पुष्कळ.

नोंद उघडली की व्याख्येवरून उडी मारून थेट उताऱ्यांकडे जा. तुमच्या मजकुराच्या आगेमागे वीस-तीस वर्षांतला उतारा कुठल्या अर्थाखाली आहे ते बघा. तोच तुमचा अर्थ असण्याचा संभव जास्त. पहिल्या उताऱ्याचं साल ही शब्दाची जन्मतारीख नव्हे. त्या साली तो कागदावर सापडला, एवढंच. बोलण्यात तो त्याआधी कितीतरी वर्षं असेल.

खुणाही समजून घ्या. शब्दाआधी खंजिराची खूण म्हणजे शब्द किंवा तो अर्थ मेला. 'आर्केक' म्हणजे मेलेला नाही, पण मुद्दाम जुना बाज आणायलाच वापरतात. 'डायलेक्ट' म्हणजे एखाद्या परगण्यात अजून चालतो. अशा शब्दांसाठी जोसेफ राइटचा सहा खंडांचा बोलीकोश आहे.

अठराव्या शतकासाठी सॅम्युअल जॉन्सनचा १७५५ चा कोश बघा. सुमारे ४२ हजार शब्द, सोबत लेखकांची वाक्यं. मौजही आहे. ओट्स म्हणजे इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं ज्यावर जगतात ते धान्य, अशी त्याची व्याख्या. कोशकार म्हणजे निरुपद्रवी हमाल, असं त्याने स्वतःबद्दलच लिहून ठेवलंय. खाजगी टोमणे सोडले तर १७५० च्या सुमारास सुशिक्षित माणूस एखादा शब्द कसा समजत होता, याचा तो उत्तम साक्षीदार आहे.

७. चटकदार गोष्टींवर विश्वास नको

'पॉश' शब्दाची कथा तुम्ही ऐकली असेल. हिंदुस्थानात येताना जहाजाच्या डाव्या बाजूची खोली, परतताना उजवी, म्हणजे ऊन कमी लागतं. श्रीमंतांच्या तिकिटांवर म्हणे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार शब्दांची आद्याक्षरं मारत. असं एकही तिकीट सापडलेलं नाही. आद्याक्षरांतून जन्मलेल्या जुन्या शब्दांच्या कथा जवळपास सगळ्या अशाच निघतात. अशी रचना विसाव्या शतकाआधी फार क्वचित होत असे.

छापील कोशही कधी चुकतो. १९३४ च्या वेब्स्टर कोशात 'डॉर्ड' हा शब्द घनता या अर्थाने छापला गेला. मूळ चिठ्ठीवर एवढंच होतं की डेन्सिटीचं संक्षिप्त रूप मोठा 'डी' किंवा छोटा 'डी'. इंग्रजीतला 'ऑर' मधे अडकला आणि शब्द तयार झाला. चूक कळली १९३९ मध्ये. एकाच कोशात असलेल्या, पण कुणीच वापरलेला दिसत नाही अशा शब्दाला म्हणूनच लगेच पदरी घेऊ नका.

८. वही ठेवा

नुसता शब्द आणि अर्थ लिहिलात तर महिन्याने काही उपयोग होत नाही. आख्खं वाक्य उतरवा. साल, कुणी कुणाला लिहिलं, तुम्ही लावलेला अर्थ आणि कुठल्या कोशाच्या आधाराने, हे खाली लिहा. आजचा अर्थ का बसत नाही, तेही चार शब्दांत लिहा. मराठीत आणताना त्या काळचा मराठी शब्द असेल तर तोच घ्या, म्हणजे फॅक्टरीला वखार, फॅक्टरला गुमास्ता. दोन अर्थ सारखेच बसत असतील तर दोन्ही लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाका. त्याच लेखकाचं दुसरं पत्र हाती आलं की पुष्कळदा ते खोडता येतं.